एक तृतीयांश मत आणि राष्ट्रपतींचा आदेश: ग्वाल्हेरच्या तनखा खटल्याचा अभ्यास

५ सप्टेंबर १९७० रोजी संस्थानिकांचे तनखे, म्हणजे त्यांना सरकारकडून मिळणाऱ्या ठरावीक वार्षिक रकमा, रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मतास टाकले गेले. बाजूने १४९ मते पडली आणि विरोधात ७५. एरवी एवढ्या फरकाने कोणतेही विधेयक सहज पार झाले असते. पण घटनादुरुस्तीसाठी अनुच्छेद ३६८ प्रमाणे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते आणि त्याखेरीज हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. २२४ मतांचे दोन तृतीयांश म्हणजे १४९ आणि वर एक तृतीयांश. मताचे तुकडे होत नाहीत, म्हणून १५० वे मत हवे होते. ते मिळाले नाही आणि विधेयक पडले. लोकसभेने ते तीनच दिवसांपूर्वी मंजूर केलेले होते.

सरकारने लगोलग दुसरा मार्ग धरला. ६ सप्टेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने देशभरातल्या सर्व संस्थानिकांची मान्यता एकाच वेळी काढून घेण्यात आली. आदेशात कारण दिलेले नव्हते. अनुच्छेद ३६६ च्या २२ व्या खंडाखालील अधिकार वापरून अमुक संस्थानाच्या अमुक राजांची मान्यता आजपासून संपत आहे, एवढाच त्याचा आशय होता. नाव आणि संस्थान तेवढे बदलायचे, बाकी मजकूर तोच. ग्वाल्हेरच्या आदेशावर माधवराव जीवाजीराव शिंदे यांचे नाव होते. ते तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. त्यांनी आणि इतर काही संस्थानिकांनी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केले, आणि माधवराव शिंदे विरुद्ध भारत सरकार हा खटला उभा राहिला.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांत या खटल्याची आठवण अजूनही निघते, आणि ती बहुधा दोन रीतींनी निघते. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दरबारची चाकरी केली, तिथे श्रीमंतांनी दिल्लीच्या सरकारला कोर्टात हरवले, असे अभिमानाने सांगितले जाते. ज्या घरांत कामगार चळवळीचे किंवा समाजवादी विचारांचे वारे होते, तिथे न्यायालयाने राजेरजवाड्यांची बाजू घेतली, असा राग व्यक्त होतो. दोन्ही सांगण्यांत खटला राजाचा होऊन बसतो. मला तो राजाचा वाटत नाही. संसदेने जे करण्यास संमती दिली नाही, ते कार्यपालिका स्वतःच्या सहीने करू शकते का, हा त्यातला प्रश्न आहे, आणि तो प्रश्न ग्वाल्हेरच्या राजवाड्याइतकाच शहरातल्या बाडा चौकातल्या फेरीवाल्याच्याही कामाचा आहे.

करार आणि घटना

तनखा ही काय चीज होती हे आधी नीट समजून घ्यायला हवे, कारण आज ते फुकटचे मानधन समजले जाते. २२ एप्रिल १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातल्या इतर संस्थानांच्या राजांनी एकत्रीकरणाच्या करारावर सह्या केल्या आणि २८ मे रोजी मध्यभारत राज्य अस्तित्वात आले. ग्वाल्हेरचे जीवाजीराव शिंदे राजप्रमुख, म्हणजे राज्याचे प्रमुख, झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी वाटली गेली. विधानसभा मोतीमहालात भरू लागली. ज्या रियासतीत कायदा करणारा, तो राबवणारा आणि शेवटचे अपील ऐकणारा अखेर एकच माणूस होता, त्या रियासतीचे रूपांतर निवडून आलेल्या सभागृहात होत होते आणि त्यासाठी गोळी झाडावी लागली नव्हती. या सत्तात्यागाच्या बदल्यात राजांना ठरावीक वार्षिक रक्कम मिळणार होती. ग्वाल्हेरसाठी ती २५ लाख रुपये होती, आणि पुढच्या वारसांसाठी १० लाखांची मर्यादा होती. १९६१ मध्ये जीवाजीराव वारले तेव्हा माधवरावांना मान्यता मिळाली ती या कमी रकमेसह.

ही रक्कम करारापुरती ठेवली गेली नाही. संविधान सभेने ती अनुच्छेद २९१ मध्ये घातली, भारताच्या एकत्रित निधीवर तिचा भार टाकला आणि तिला प्राप्तिकरातून मुक्त केले. एकत्रित निधीवर भारित असलेल्या खर्चावर संसदेत चर्चा होऊ शकते, पण मतदान होत नाही. म्हणजे दरवर्षीच्या बहुमताच्या लहरीवर तो अवलंबून राहत नाही. १२ ऑक्टोबर १९४९ रोजी सरदार पटेलांनी या तरतुदीचे समर्थन करताना रक्तपात न होता झालेल्या एवढ्या मोठ्या स्थित्यंतरासाठी ही किंमत थोडी आहे आणि दिलेला शब्द पाळणे हे आपले कर्तव्य आहे, अशा आशयाची भूमिका मांडली होती. अनुच्छेद ३६२ मध्ये राजांचे व्यक्तिगत हक्क आणि मानमरातब यांची योग्य दखल घेण्याची हमी होती. अनुच्छेद ३६३ मध्ये मात्र अशा करारांतून निघणाऱ्या वादांत न्यायालयांनी पडू नये, असे सांगितले होते. ‘संस्थानिक’ कोण, याची व्याख्या अनुच्छेद ३६६ च्या २२ व्या खंडात होती: ज्याने करार केला आणि ज्याला राष्ट्रपतींनी त्या त्या वेळी मान्यता दिलेली आहे तो, किंवा त्याचा मान्यताप्राप्त वारस. या व्याख्येतल्या मान्यतेच्या शब्दांवर सरकारची सारी इमारत उभी होती.

सरकारची बाजू

सरकारचा हेतू लपलेला नव्हता आणि मी त्याला वाईटही म्हणणार नाही. जन्मामुळे मिळणारे मासिक-वार्षिक पैसे, केंद्र सरकारच्या संमतीशिवाय दिवाणी दावा लावता न येणे, अधिकृत राजवाड्याला संपत्तिकरातून सूट, ही समतेच्या राज्यघटनेत शोभणारी गोष्ट नव्हती. १९६७ पासून काँग्रेसने तनखे बंद करण्याचा निर्णय जाहीरपणे घेतलेला होता आणि यशवंतराव चव्हाणांनी गृहमंत्री या नात्याने संस्थानिकांशी वाटाघाटीही केल्या होत्या. वाटाघाटींतून तोडगा निघाला नाही, म्हणून विधेयक आले. इथपर्यंत सगळे रीतीला धरून होते. माझे स्वतःचे मत असे आहे की तनखे जायलाच हवे होते, आणि ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने हे म्हणायला कचरू नये.

राजकारणाचा एक पदर इथे नोंदवला पाहिजे. राजमाता विजयाराजे शिंदे यांनी १९६७ मध्ये काँग्रेस सोडून मध्य प्रदेशातले द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार पाडण्यात प्रमुख भाग घेतला होता. त्यामुळे आमच्या भागात आदेशाकडे सूडाच्या नजरेने पाहिले गेले. न्यायालयात या गोष्टीला फारसे महत्त्व नव्हते आणि ते नसावेच.

कोर्टात सरकारतर्फे दोन मुद्दे जोराने मांडले गेले. एक असा, की मान्यता देणे किंवा काढणे हा राजकीय अधिकार आहे. तो ब्रिटिश अधिसत्तेकडून, म्हणजे संस्थानांवरच्या ब्रिटिशांच्या सर्वोच्च सत्तेकडून, वारशाने आलेला आहे, त्याला घटनेने कोणतीही चौकट घातलेली नाही आणि म्हणून तो न्यायालयाच्या तपासणीबाहेर आहे. दुसरा असा, की वाद कोणताही असो, अनुच्छेद ३६३ ने न्यायालयाचे दार बंद केलेले आहे. सरकारला आधार देणारा एक जुना निकालही होता: १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तनखा ही राजकीय स्वरूपाची पेन्शन असल्याचे म्हटले होते.

निकाल

खटला ११ न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालला. संस्थानिकांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते, सरकारच्या बाजूने महान्यायवादी निरेन डे. १५ डिसेंबर १९७० रोजी नऊ विरुद्ध दोन अशा बहुमताने आदेश बेकायदा ठरला आणि अर्जदारांना तो निघालाच नव्हता असे मानून पूर्वीचे सर्व हक्क, तनख्यासह, मिळाले. बहुमताचा प्रमुख निकाल न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी लिहिला, सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला आणि न्यायमूर्ती के. एस. हेगडे यांनी त्याच निष्कर्षाचे स्वतंत्र निकाल दिले. हिदायतुल्ला यांनी वकिली केली ती नागपूरला, आणि ते मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती. हा निकाल देऊन दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले.

अधिसत्तेचा मुद्दा न्यायालयाने अजिबात ठेवला नाही. ब्रिटिशांची अधिसत्ता १५ ऑगस्ट १९४७ लाच संपली. प्रजासत्ताकाच्या राष्ट्रपतींना जो काही अधिकार आहे तो घटनेतूनच येतो, आणि अनुच्छेद ५३ प्रमाणे तो घटनेला धरूनच वापरायचा असतो. स्वतःच्या नागरिकांविरुद्ध ‘राज्याची राजकीय कृती’ असा बचाव कोणत्याही सरकारला घेता येत नाही. हा भाग मला संपूर्ण निकालात सर्वांत मोलाचा वाटतो. कारण सरकारचे म्हणणे मान्य झाले असते, तर घटनेच्या आत घटनेबाहेरची एक सत्ता कायमची शिल्लक राहिली असती, आणि ती केवळ राजांवर चालली असती असे समजण्यास काही आधार नाही.

दुसरे पाऊल अधिक बारकाईचे होते. २२ व्या खंडात मान्यता काढण्याचा अधिकार आहे, हे बहुमताने नाकारले नाही. तो पूर्वी वापरलाही गेला होता. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांची मान्यता १९५१ मध्ये काढण्यात आली, तेव्हा त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना मान्यता मिळाली. बस्तरचे प्रवीरचंद्र भंजदेव यांची मान्यता १९६१ मध्ये गेली, तेव्हा त्यांचे बंधू विजयचंद्र त्या जागी आले. दोन्ही वेळा व्यक्ती बदलली, स्थान राहिले. १९७० च्या आदेशांत मात्र कोणत्याही एका राजाच्या वर्तनाचा प्रश्न नव्हता, आणि कोणत्याही वारसाला मान्यता द्यायची नव्हती. सगळ्यांना एकदम काढून ती संस्थाच रिकामी करायची होती. न्यायमूर्ती शहा यांच्या मते हा अधिकार कर्तव्याशी बांधलेला आहे: घटनेने जी व्यवस्था उभी केली आहे ती चालवण्यासाठी तो राष्ट्रपतींना दिलेला आहे, आणि ती व्यवस्था मोडून काढण्यासाठी त्याचा वापर झाला तर तो अधिकार उरत नाही. व्याख्येच्या खंडातून अनुच्छेद २९१ पुसता येत नाही. तो पुसायचा असेल तर अनुच्छेद ३६८ चा मार्ग आहे, आणि सरकारला तो मार्ग ठाऊक होता, कारण आदल्याच दिवशी ते त्या मार्गावर अडले होते.

हेगडे यांनी एक इशाराही दिला. लोकप्रिय कारणासाठी केलेला घटनाभंगही घातक पायंडा पाडतो, आणि असे पायंडे एकावर एक चढत गेले की शेवटी घटनेचीच अवहेलना होते, असा त्याचा आशय आहे.

मतभेद नोंदवणारे न्यायमूर्ती ए. एन. राय आणि जी. के. मित्तर यांचे म्हणणे मात्र हलके समजू नये. अनुच्छेद २९१ मध्येच करारांचा उल्लेख आहे. मग तो अनुच्छेद ‘करारांशी संबंधित’ नाही असे म्हणणे कठीण आहे, आणि संबंधित असेल तर ३६३ ने न्यायालयाला थांबवले आहे, असा त्यांचा युक्तिवाद. बहुमताने उत्तर दिले की अनुच्छेद ३६२ करारांशी निगडित आहे आणि तिथे न्यायालय काही करू शकत नाही, पण २९१ मध्ये कराराचा उल्लेख रक्कम ओळखण्यापुरता आहे. पैसे देण्याचे दायित्व घटनेने स्वतः निर्माण केले आहे. हे उत्तर तर्कशुद्ध आहे, तरी मला ते ओढूनताणून आणलेले वाटते. ज्या न्यायालयाने कार्यपालिकेला तिची सीमा दाखवली, त्याने घटनेने न्यायालयांसाठी घातलेली सीमा थोडी सैल वाचली, असे प्रामाणिकपणे म्हणायला हवे. सत्ताविभाजनाचा आग्रह धरणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. न्यायपालिकाही तीन शाखांपैकीच एक आहे.

कुंपण कुठे असते

आपल्या घटनेत तिन्ही शाखांमध्ये भिंत नाही, हे इथे आठवणे गरजेचे आहे. मंत्री संसदेतून येतात, वटहुकूम कार्यपालिका काढते, न्यायालये स्वतःचे नियम करतात. १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की भारतीय घटनेने सत्ताविभाजनाचे तत्त्व कडक स्वरूपात स्वीकारलेले नाही, पण प्रत्येक शाखेचे काम पुरेसे वेगळे केलेले आहे आणि एका शाखेने दुसरीचे मूलभूत काम बळकावणे घटनेला अभिप्रेत नाही. त्या खटल्यात पंजाब सरकार जिंकले होते, कारण पाठ्यपुस्तके छापण्याच्या त्याच्या निर्णयाने कोणाचा कायदेशीर हक्क बुडत नव्हता. कायदा नसताना सरकारने काम करणे आणि कायदा करण्याचा प्रयत्न फसल्यावर तेच काम आदेशाने करणे, या दोन गोष्टींत अंतर आहे, आणि ग्वाल्हेरचा खटला नेमका त्या अंतरावर उभा आहे.

हे अंतर राजांपुरते नाही याचा पुरावा नंतर बिहारमधून आला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी दाखवून दिले की १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ वटहुकूम निघाले, आणि त्यांतले बरेचसे विधानसभेपुढे विधेयक न नेता पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. डिसेंबर १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही घटनेची फसवणूक असल्याचे म्हटले. तिथे राजा नव्हता, राजवाडा नव्हता. विधानसभेला वळसा घालणारे सरकार तेवढे होते.

पुढचे वर्ष

निकालानंतर बाराच दिवसांनी, २७ डिसेंबर १९७० रोजी, लोकसभा विसर्जित झाली. मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. (माधवराव याच निवडणुकीत जनसंघाच्या पाठिंब्याने मध्य प्रदेशातल्या गुना मतदारसंघातून लोकसभेत पोहोचले.) नव्या संसदेने २६ वी घटनादुरुस्ती केली आणि ती २८ डिसेंबर १९७१ पासून लागू झाली. अनुच्छेद २९१ आणि ३६२ गळले, ३६३ क हा नवा अनुच्छेद आला, आणि संस्थानिकांची मान्यता व तनखे दोन्ही संपले.

ग्वाल्हेरला विधीच्या विद्यार्थ्यांशी या खटल्यावर बोलताना एक प्रश्न हमखास येतो. “सर, वर्षभरात तेच झालं ना? मग निकालाने मिळवलं काय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. परिणाम तोच झाला, हे खरे. पण १९७१ मध्ये तो लोकांपुढे जाऊन, प्रचारात तनख्यांवर उघड बोलून, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते गोळा करून झाला. राज्यसभेतले ७५ विरोधक १९७० मध्ये निरर्थक ठरवले गेले होते. १९७१ मध्ये त्यांचा विरोध मतांनी मागे पडला. विरोधात मत देणाऱ्याच्या दृष्टीने या दोन पराभवांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आदेश टिकला असता, तर विशेष बहुमताची अट ही पुढे कोणत्याही सरकारसाठी पहिला प्रयत्न फसेपर्यंतचीच अट राहिली असती.

कार्यपालिकेने मात्र न्यायालयाशी हिशेब वेगळ्या जागी मांडला, आणि हा भाग मला अस्वस्थ करतो. एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याच्या (संसदेला घटनेची मूलभूत संरचना बदलता येत नाही, असे ठरवणाऱ्या) निकालापाठोपाठ सरन्यायाधीशपदी ए. एन. राय यांची नेमणूक झाली, आणि त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले शेलट, हेगडे व ग्रोव्हर मागे ठेवले गेले. तिघांनीही राजीनामे दिले. तनखा खटल्यात हे तिघे बहुमतात होते आणि राय अल्पमतात. नेमणुकीमागे हाच एक खटला होता असे म्हणता येणार नाही, बँक राष्ट्रीयीकरण आणि केशवानंद या खटल्यांचाही त्यात वाटा असणार. पण निकाल रद्द करण्यासाठी घटनादुरुस्तीचा सरळ मार्ग स्वीकारणाऱ्या सरकारने निकाल देणाऱ्यांच्या बाबतीत तो संयम पाळला नाही. घटनेत तेव्हा ज्येष्ठतेचा नियम लिहिलेला नव्हता, केवळ प्रघात होता, आणि प्रघात मोडायला १५० वे मत लागत नाही.

२६ व्या घटनादुरुस्तीलाही आव्हान दिले गेले. दक्षिण महाराष्ट्रातल्या कुरुंदवाड धाकट्या पातीचे रघुनाथराव गणपतराव आणि म्हैसूरचे वडियार यांचे म्हणणे होते की १९४८-४९ मध्ये दिलेली हमी हा घटनेच्या मूलभूत संरचनेचाच भाग आहे आणि संसद तो काढू शकत नाही. त्या अर्जांचा निकाल लागायला १९९३ साल उजाडले. फेब्रुवारीतल्या त्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दुरुस्ती वैध ठरवली: तनखे रद्द केल्याने घटनेची मूळ चौकट बदलत नाही, उलट समतेशी ते सुसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. ज्या हक्काचे १९७० मध्ये आदेशापासून रक्षण झाले, तोच हक्क संसदेने रीतसर काढल्यावर न्यायालयाने संसदेच्या त्या निर्णयाला हात लावला नाही. अनुच्छेद ३६३ अजूनही घटनेत आहे, आणि त्याच्या शब्दांचा बहुमताने लावलेला अर्थ बरोबर होता की राय आणि मित्तर यांचा, यावर ग्वाल्हेरच्या वकिलांत आजही एकमत नाही.